मुठीतलं वजन : मुद्गलापासून वजनी हातमोज्यांपर्यंत

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आजचा विषय ऐकून काही जणींना हसू येईल. विषय आहे वजनी हातमोजे. मोबाइलवर हल्ली बायका घरातल्या घरात मुष्टियुद्धाचा, म्हणजे बॉक्सिंगचा, व्यायाम करताना दिसतात. समोर कुणी नसतं. हवेतच ठोसे मारायचे आणि पाय हलते ठेवायचे. त्यातल्या काही जणींच्या हातात जाडसर मोजे असतात. त्या मोज्यांत वाळू नाहीतर लोखंडाचा चुरा भरलेला असतो. एकेका मोज्याचं वजन पाव किलो, अर्धा किलो, कधी किलोभरही असतं. हे बघून एखादी मुलगी मोजे मागवते, एखादी घरीच शिवायला बसते. मग आजी म्हणते, "अगं, हंडे उचल, दळणाचा डबा उचल. वेगळं वजन कशाला पाहिजे?" आणि गल्लीतला एखादा शहाणा म्हणतो, "हे परक्या देशातलं खूळ आहे. बायांचं काम नव्हे हे."

आजीचा प्रश्न खरा आहे, आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. गल्लीतल्या शहाण्याचं म्हणणं मात्र इतिहासाला धरून नाही. हातात वजन घेऊन अंग कमावण्याची रीत आपल्या दख्खनच्या मातीतलीच आहे. आज तिचीच गोष्ट सांगते. आणि शेवटी, हे मोजे घरी वापरून बघायचे असतील तर काय सांभाळायचं, तेही सांगते.

दख्खनची जुनी रीत

आपल्या लातूर-धाराशिवच्या शेजारी बीदर जिल्ह्यात बसवकल्याण आहे. त्याचं जुनं नाव कल्याणी. चालुक्य राजांची ती राजधानी. तिथल्या सोमेश्वर तिसरा या राजानं इ.स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ लिहिला. राज्यकारभार, स्वयंपाक, गाणं, दागिने, खेळ, सगळं त्यात आहे. त्यात मल्लांचा एक वेगळा भाग आहे. मल्लानं काय खावं, कधी मेहनत करावी, कोणत्या प्रकारची करावी, हे राजानं सांगितलं आहे. त्यातल्या एका मेहनतीचं नाव आहे भारश्रम. भार म्हणजे ओझं, श्रम म्हणजे मेहनत. वजन घेऊन करायचा व्यायाम. खांबावरच्या मेहनतीला त्यानं स्तंभश्रम म्हटलं आहे. आपल्या मल्लखांबाची जुनी खूण म्हणून अभ्यासक त्याकडं बघतात. म्हणजे जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वी आपल्या भागात वजनाच्या व्यायामाला स्वतःचं नाव होतं.

पुढं विजयनगरला या. कृष्णदेवराय राजा असताना, १५२० च्या सुमारास, दोमिंगो पायस नावाचा पोर्तुगीज माणूस तिथं आला होता. त्यानं राजाची सकाळ लिहून ठेवली आहे. राजा उजाडायच्या आत उठे. तिळाचं तेल पिई, अंगाला तेल चोळून घेई. मग मातीची मोठी वजनं हातात घेऊन मेहनत करी. नंतर तलवार फिरवी, अंगातलं तेल घामावाटे निघेपर्यंत. मग मल्लाशी कुस्ती. बघा, एवढा मोठा राजा, पण त्याची वजनं कुंभाराच्या हातची होती. महागडं सामान लागत नाही, हे तेव्हाही माहीत होतं.

त्याच विजयनगरबद्दल आणखी एका पोर्तुगिजानं, फर्नाव नुनीझनं, १५३५ च्या आसपास लिहिलं. राजवाड्यात कोणकोणत्या बाया कामाला आहेत याची त्यानं यादी दिली आहे. त्यात हिशेब लिहिणाऱ्या बाया आहेत, वाजवणाऱ्या आहेत, भविष्य सांगणाऱ्या आहेत. आणि कुस्ती खेळणाऱ्या बायाही आहेत. ही एक ओळ लक्षात ठेवा. कुस्ती हे बायांचं काम नव्हे, असं त्या दरबाराला वाटत नव्हतं.

आपल्या तालमीतलं सामान तर तुम्ही पाहिलेलंच आहे. दोन हातांत धरून खांद्यावरून, पाठीमागून फिरवायचं लाकडी मुद्गल. त्याहून वजनदार करेल. दगडाची नाल. गावच्या जत्रेत उचलायची गोल गोटी. आणि लेझीम! आज शाळेतल्या पोरी झेंडावंदनाला लेझीम खेळतात ना, ती मुळात व्यायामाची वस्तू. धनुष्यासारखा दांडा आणि त्याला लोखंडी साखळी. धनुष्याची ताकद हातात यावी म्हणून ती साखळी ओढायची. पुढं लेझीम हलकी झाली, तिच्यात नाद आला, आणि ती पोरींच्या हातात आली. वजन कमी झालं की व्यायाम पुचाट होतो असं नाही. तो जास्त जणांचा होतो.

मुठीला वजन चढवायची रीतही इथं होती. तिला वज्रमुष्टी म्हणत. शिंगाची टोकदार पकड मुठीवर बांधून मल्ल एकमेकांवर वार करत. ती मात्र रक्त काढण्यासाठी होती. तिचा आजच्या मोज्यांशी नामसाधर्म्यापलीकडं संबंध जोडू नका.

बायांच्या हातातलं वजन

तालमीची गोष्ट सांगितली, आता घराची सांगते. तालमीत मारुती, आणि मारुती ब्रह्मचारी, म्हणून बाईनं तालमीची पायरी चढायची नाही, अशी रीत पडली. पण वजन काही बाईच्या हातून सुटलं नाही. पहाटे जातं. दुपारी उखळ-मुसळ. पंधरा लिटरचा हंडा भरला की पाण्याचंच वजन पंधरा किलो, वर हंड्याचं वेगळं. सरपणाची मोळी, कडब्याच्या पेंढ्या, कापसाचं गाठोडं, कडेवरचं लेकरू.

जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं मोठं काम हेमा राईरकर आणि गी पॉइटवें यांनी केलं. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या. एवढ्या ओव्या ज्या हातांनी जातं ओढता ओढता रचल्या, त्या हातांना कुणी कमजोर म्हणावं?

मग आजीचा प्रश्न पुन्हा पुढं येतो. एवढं वजन उचलतोच आहोत, तर वेगळा व्यायाम कशाला?

फरक असा आहे. कामातलं वजन काम ठरवतं. हंडा भरलेला असला की तो उचलायचाच, तुमची कंबर दुखत असो की नसो. रोज एकाच कडेला, रोज एकाच खांद्यावर. दम लागला म्हणून मोळी वाटेत टाकता येत नाही. वाकून खुरपताना कंबर तासन्‌तास एकाच कोनात राहते. त्यात काही अंग झिजतं, काही अंगाला हालचालच मिळत नाही. व्यायामातलं वजन मात्र तुम्ही ठरवता. किती घ्यायचं, कधी थांबायचं, डावा हात किती, उजवा किती, हे तुमच्या हातात असतं. आज अंगात कसर असेल तर आज नाही. आपल्याला दमवणारं वजन भरपूर मिळालं. आपल्याला घडवणारं वजन फार थोड्या जणींना मिळालं. म्हणून वेगळा व्यायाम.

मुद्गल परदेशी गेलं

आता गंमत ऐका. इंग्रज अधिकारी आणि सैनिक इथं आले, तेव्हा त्यांनी तालमीतल्या पैलवानांना मुद्गल फिरवताना पाहिलं. त्यांना ते आवडलं. ते त्यांनी आपल्या देशात नेलं. तिथं त्याला 'इंडियन क्लब' असं नाव पडलं. डोनाल्ड वॉकर नावाच्या लेखकानं १८३४ साली पुरुषांच्या व्यायामावर पुस्तक काढलं, त्यात हे मुद्गल होतं. आणि दोनच वर्षांनी, १८३६ साली, त्यानंच बायांच्या व्यायामाचं पुस्तक काढलं. त्यात बायांसाठी हलकी, दोन्ही टोकांना निमुळती अशी मुद्गलं दाखवली होती. म्हणजे आपल्या तालमीतली वस्तू, जिला आपल्या बायांनी हात लावायचा नव्हता, ती लंडनच्या बायांच्या हातात गेली.

पुढं अमेरिकेत डायो लुईस नावाच्या डॉक्टरनं १८६२ साली व्यायामाचं एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं होतं की जड वजनामागं लागू नका. लाकडाचे हलके डंबेल घ्या, चपळाईनं हालचाल करा. मुलं, बाया, म्हातारी माणसं, सगळ्यांना जमेल असा व्यायाम पाहिजे. आजच्या वजनी हातमोज्यामागचा विचार तोच आहे. वजन थोडं, हालचाल जास्त.

ती मुद्गलं पुढं ऑलिम्पिकमध्येही गेली. १९०४ साली सेंट लुईसला आणि १९३२ साली लॉस एंजेलिसला मुद्गल फिरवण्याची स्पर्धा झाली. आज ऑलिम्पिकमध्ये मुली तालावर जी जिम्नॅस्टिक्स करतात, जी १९८४ पासून तिथं आहे, त्यातल्या छोट्या बाटलीसारख्या दिसणाऱ्या दोन दांड्यांचा वंश याच मुद्गलाशी जातो. आणि इंग्रजी शाळांतून 'इंडियन क्लब'ची कवायत परत आपल्याकडं आली, जणू माहेरचीच लेक नवं नाव लावून आली.

मोजा कुठून आला

बॉक्सिंगच्या मोज्याची गोष्ट वेगळी आहे. प्राचीन ग्रीसमध्ये मुष्टियोद्धे हाताला चामड्याच्या पट्ट्या गुंडाळत. रोमन लोकांनी त्या पट्ट्यांत धातू घातला. त्यांचा वजनी मोजा समोरच्याला जायबंदी करण्यासाठी होता. आपल्या वज्रमुष्टीचाच तो भाऊ.

मऊ मोजा इंग्लंडमध्ये आला. १७४३ साली जॅक ब्रॉटन या मुष्टियोद्ध्यानं लढतीचे नियम लिहिले. शिकायला येणाऱ्या श्रीमंत लोकांची तोंडं फुटू नयेत म्हणून त्यानं शिकवताना गादीचे मोजे वापरले. १८६७ च्या क्वीन्सबरी नियमांनी लढतीत मोजे सक्तीचे केले. तेव्हापासून मोज्यात जास्त भर म्हणजे जास्त संरक्षण असं गणित बसलं. आजही मोज्यांचं वजन औंसात सांगतात. एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम. बायांच्या सामन्यात दहा औंसांचे, म्हणजे जवळपास २८० ग्रॅमचे मोजे असतात. सरावाला सोळा औंसांचे, म्हणजे साडेचारशे ग्रॅमचेही घालतात. त्यात वजन असतं ते गादीचं, मार मऊ करण्यासाठी. वाळू भरलेला वजनी मोजा हा त्याहून निराळा. तो कुणाला मारण्यासाठी नाही, हवेतल्या व्यायामासाठी आहे. ही दोन्ही एकच समजलं की दुखापत होते.

आणि या खेळात बाया कधीपासून आहेत? १७२२ साली लंडनमध्ये एलिझाबेथ विल्किन्सन नावाच्या बाईनं वर्तमानपत्रात जाहीर आव्हान दिलं. हॅना हायफिल्ड या बाईशी तिला लढायचं होतं. अट काय होती, ऐका. दोघींनी प्रत्येक मुठीत एकेक चांदीचं नाणं धरायचं. जिच्या हातून नाणं आधी पडेल ती हरली. नाणं धरलं की मूठ उघडता येत नाही, म्हणजे ओरबाडणं, केस ओढणं बंद. मुठीत वस्तू धरून लढणारी बाई तीनशे वर्षांपूर्वी वर्तमानपत्रात छापली गेली होती.

हमीदा बानू आणि नंतरच्या

आता आपल्या महाराष्ट्रात परत येऊ. हमीदा बानू या पैलवान बाईचं नाव १९५४ साली देशभर गाजत होतं. मूळची उत्तर प्रदेशातली. जो मला कुस्तीत हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन, असं तिनं जाहीर केलं होतं. १९५४ च्या मे महिन्यात बडोद्याला तिनं बाबा पहिलवानाला एक मिनिट चौतीस सेकंदांत चीत केलं.

महाराष्ट्रात मात्र तिचं स्वागत गोड झालं नाही. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली तिची कुस्ती कुस्तीवाल्यांच्या विरोधामुळं रद्द झाली. कोल्हापुरात, जिथं कुस्तीवर जीव ओवाळून टाकतात तिथं, तिनं पुरुष मल्लाला हरवल्यावर लोकांनी तिच्यावर दगड भिरकावले. पोलिसांना मध्ये पडावं लागलं. तिच्या कुस्त्या ठरवून होतात, असाही आरोप झाला. तिचं उत्तर आयुष्य कल्याणला गेलं, दूध विकून, रस्त्याकडेला खाण्याचे पदार्थ विकून. तिला युरोपात कुस्तीसाठी जायचं होतं. ती जाऊ नये म्हणून तिच्या जवळच्याच माणसानं तिचे हात मोडले, असं तिच्या नातवानं पुढं सांगितलं. ज्या हातांनी तिनं नाव कमावलं, तेच हात.

मैत्रिणींनो, मुठीतल्या वजनाचा प्रश्न किती ग्रॅमचा, एवढ्यावर संपत नाही तो यामुळं. बाईच्या अंगात ताकद आली तर ती कुणाच्या कामाची, हा खरा प्रश्न असतो. घरच्या कामाची असली तर सगळे कौतुक करतात. तिच्या स्वतःच्या कामाची असली की कुणाला तरी खुपते.

बायांच्या बॉक्सिंगलाही जगात दार उशिराच उघडलं. स्वीडननं १९८८ साली बंदी उठवली, इंग्लंडनं १९९६ साली. बायांची पहिली जागतिक स्पर्धा २००१ साली झाली. तिथं मणिपूरच्या मेरी कोमनं रुपेरी पदक मिळवलं. ती कांगथेई नावाच्या खेड्यातली, शेतात राबणाऱ्या घरची. २००७ साली तिला जुळी मुलं झाली, आणि २००८ साली ती पुन्हा जगज्जेती झाली. ऑलिम्पिकमध्ये बायांचं बॉक्सिंग आलं ते २०१२ साली, लंडनला. पुरुषांचं १९०४ पासून होतं! त्या पहिल्याच वेळी मेरी कोमनं कांस्यपदक आणलं.

आणि आपल्या शेजारचं नाव घ्यायचं तर निखत झरीन. ती निजामाबादची. नांदेड जिल्ह्याला लागून असलेला हा जिल्हा. १९५६ पर्यंत आपला मराठवाडा आणि निजामाबाद एकाच हैदराबाद राज्यात होते. लहानपणी मैदानावर तिनं पाहिलं की सगळ्या खेळांत मुली आहेत, बॉक्सिंगमध्ये नाहीत. तिनं वडिलांना कारण विचारलं. मुलींमध्ये तेवढी ताकद नसते असं लोक समजतात, असं वडिलांनी सांगितलं. मग तिनं तोच खेळ धरला. तोंडाला मार लागला तर लग्न कोण करील, ही काळजी आईला होती, आणि लोकांचे टोमणेही होते. वडील मागं उभे राहिले. २०२२ साली इस्तंबूलला ती जगज्जेती झाली, २०२३ साली दिल्लीला पुन्हा.

तिच्या गोष्टीतला आणखी एक भाग आपल्या कामाचा आहे. २०१७ साली तिचा खांदा निखळला. शस्त्रक्रिया करावी लागली, जवळपास वर्ष गेलं. उत्तम शिक्षक असलेल्या खेळाडूच्या खांद्याचं असं होतं. मग घरी एकट्यानं करणाऱ्या बाईनं खांदा किती जपायला हवा!

ज्यांच्या मुलींना हा खेळ नीट शिकायचा आहे, त्यांनी लक्षात ठेवा. आपल्या छत्रपती संभाजीनगरात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात, भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आहे. तिथं बॉक्सिंगचं प्रशिक्षण चालतं. मोबाइलवर बघून शिकण्यापेक्षा एकदा तिथं जाऊन बघणं बरं.

मोजे घरी वापरायचे तर

आता कामाचं बोलू. वजनी मोजा काय करतो? वजन खाली ओढतं, आणि ठोसा पुढं जातो. म्हणजे मोज्याचं वजन ठोशाला अडवत नाही, ते खांद्याला हात वर धरून ठेवायला लावतं. त्यामुळं खांदे आणि दंड दमतात, चिवट होतात, अंगाला घाम फुटतो, दम वाढतो. हे फायदे खरे. पण याच मोज्यांनी ठोसा जोरकस होईल असं समजू नका. ठोशाचा जोर पायातून आणि कमरेतून येतो, जसा मुसळाचा घाव नुसत्या मनगटानं बसत नाही. मोजे काढल्यावर हात एकदम हलके वाटतात. तो थोडा वेळचा भास असतो, त्यावर भुलू नका.

पहिले दोन आठवडे मोजेच नकोत. रिकाम्या हातांनी शिका. डावा पाय थोडा पुढं, उजवा मागं, गुडघे किंचित वाकलेले. अंगठा मुठीच्या बाहेर, आत नाही. मनगट सरळ. दोन्ही मुठी गालाजवळ. ठोसा पुढं न्या आणि त्याच वाटेनं परत आणा. कोपर कधीही शेवटपर्यंत ताणून झटका देऊ नका. डावखुऱ्या असाल तर पाय उलटे.

मग पाव किलोपासून सुरुवात करा, एका हाताला पाव किलो. विकतचे मोजे घेताना नीट वाचा, लिहिलेलं वजन एका मोज्याचं आहे की जोडीचं. घरी शिवायचे असतील तर जुन्या जीनचं जाड कापड घ्या. लांबट पिशवी शिवा, तिला मध्ये टाके घालून तीन-चार कप्पे करा, धुऊन वाळवलेली वाळू भरा, किराणा दुकानाच्या काट्यावर तोला. दोन्ही पिशव्या सारख्याच वजनाच्या पाहिजेत. हाताच्या पाठीवर पट्टीनं घट्ट बसवा, सैल मोजा मनगट पिरगाळतो.

एक मिनिट व्यायाम, एक मिनिट विश्रांती, असं चार-पाच वेळा. सुरुवातीला जागच्या जागी चालून, हात फिरवून अंग गरम करा. वेग हळू ठेवा. हात खाली यायला लागले की समजा, आजचं झालं. एक दिवसाआड करा. महिनाभर काही दुखलं नाही तरच थोडं वजन वाढवा. अर्ध्या किलोच्या पुढं घरी जायची गरज नाही. आणि एक नियम पक्का पाळा. वजनी मोजे घालून पोत्याला, गादीला, भिंतीला किंवा कुणाच्या पंजाला ठोसा मारायचा नाही. ठोशाचा सगळा धक्का मनगटात आणि कोपरात जातो. जवळ लेकरं खेळत असतील तर आधी त्यांना बाजूला करा.

गरोदर असाल, बाळंतपणाला थोडेच महिने झाले असतील, अंग बाहेर येत असेल, पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, खांदा धरला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणखी एक. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे दहा जणी बसल्या असतील तर त्यात पाच-सहा जणी. चार पावलांत धाप लागत असेल, डोळ्यांपुढं अंधारी येत असेल, तर आशाताईंना सांगा, हिमोग्लोबिन तपासून घ्या. आधी रक्त, मग मोजे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानं आठवड्यात किमान १५० मिनिटं दम वाढेल अशी हालचाल करावी, आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. पाळी गेल्यावर बायांची हाडं ठिसूळ होत जातात. वजनाचा व्यायाम हाडं टिकवायला मदत करतो. म्हणून हे फक्त पोरीबाळींचं नाही. साठीतल्या आजीनं रिकाम्या मुठी चालवल्या तरी चांगलं.

मैत्रिणींनो, मोजे घ्या किंवा घेऊ नका, त्यावाचून काही अडत नाही. विजयनगरच्या राजाचं मातीच्या वजनांवर भागलं, आपलं वाळूच्या पिशवीवर भागेल. अडतं ते वेळेवर. दिवसातली वीस मिनिटं, ज्यात हातातलं वजन हंड्याचं नाही, मोळीचं नाही, फक्त स्वतःसाठी घेतलेलं आहे. ती वीस मिनिटं एकटीला घरात मिळत नसतील तर गटानं मिळून घ्या. बैठकीच्या दिवशी हिशेबाची वही उघडायच्या आधी सगळ्या जणींनी ओसरीवर उभं राहून मुठी वळा. दहा जणी एकत्र असल्या की गल्लीतला शहाणाही गप्प बसतो.

पुढच्या बैठकीत एक गोष्ट मात्र जरूर करा. तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा की तरुणपणी त्यांनी किती वजन उचललं, किती दळलं, किती लांबून पाणी आणलं. ते लिहून ठेवा. सोमेश्वर राजानं मल्लांची मेहनत लिहून ठेवली म्हणून ती नऊशे वर्षांनी आपल्याला कळली. आपल्या आयांची मेहनत आपणच लिहायला हवी.